बाळाच्या अंगावर काय उठलंय?

यंदा आमच्या मंडळात चार घरी पाळणा हलला. पाळणा म्हणजे अर्थात दुकानातून चपट्या खोक्यात आणून रात्री बारापर्यंत स्क्रू पिळत उभा केलेला. या चारही घरांतून, बाळ घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री, आम्हाला फोन आला. वेळ अकराच्या पुढची, आवाज दबका (बाळाचा नुकताच डोळा लागलेला), आणि प्रश्न एकच: "दादा, वहिनी, बाळाच्या अंगावर काहीतरी उठलंय हो! उद्या सकाळपर्यंत थांबू का आत्ताच इमर्जन्सीत नेऊ?"

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नाही. दोघंही इंजिनिअर. पण अमेरिकेत दोन मुलं वाढवली आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर जे जे म्हणून उठू शकतं, ते बहुतेक सगळं आमच्या घरी उठून गेलं. त्यातल्या एका डागापायी तर असे पोळलो, की तेव्हापासून मुलांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून, पुस्तकं चाळून, सगळं एका वहीत टिपून ठेवायची सवय लागली. ती वही समोर ठेवून हा लेख लिहितो आहोत. डॉक्टरकडे कधी धावायचं आणि कधी दिवा मालवून झोपायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

मुळात एक अडचण लक्षात घ्या. इथल्या बालसंगोपनाच्या पुस्तकांत बरेचदा फोटो असतात ते गोऱ्यापान, गुलाबी बाळांचे. "लाल चट्टे दिसल्यास" असं पुस्तक सांगतं आणि आपण बाळ दिव्याखाली धरून लाल रंग शोधत बसतो. आपल्या बाळांच्या गव्हाळ-सावळ्या अंगावर तोच लाल रंग जांभळट, तपकिरी, नाहीतर राखी दिसतो. कधी दिसतच नाही, नुसता हाताला खरखरीत किंवा गरम लागतो. म्हणून पहिला नियम: डोळ्यांइतकाच हातावरही भरवसा ठेवा, आणि बघायचं असेल तेव्हा खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा.

पहिले आठ-पंधरा दिवस

जन्मल्या जन्मल्या बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा, चिकट थर असतो. आमच्या मोठ्याचा पहिला फोटो बघून साताऱ्याची आजी फोनवर म्हणाली, "अगं बाई, अजून न्हाऊ नाही घातलं त्याला?" हा थर बाळाच्या कातडीचा ओलावा टिकवतो, तिचं रक्षण करतो. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ २४ तास लांबवायला सांगते. तेव्हा तो घासून काढायची घाई नको. पुढे चार-सहा दिवसांत हातापायांची सालं निघायला लागतात. नऊ महिने पाण्यात राहिलेली कातडी हवेत आली, एवढाच त्याचा अर्थ. दिवस वर गेलेल्या बाळांची जरा जास्त निघतात.

नाकावर, गालांवर, हनुवटीवर मोहरीहून बारीक पांढरे दाणे दिसतात, त्यांना मिलिया म्हणतात. जवळजवळ निम्म्या बाळांना असतात. कातडीतलं केराटिन बारीक छिद्रांत अडकून ते होतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. फोडू नका, चोळू नका.

आता रात्री अकराच्या फोनचा मुख्य आरोपी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती, पाठ, चेहरा, मांड्यांवर चट्टे उठतात, मधोमध बारीक पिवळट-पांढरी पुटकुळी. वाटतं, डासांनी फोडून काढलं पोराला. सकाळी पाठीवरचे गेलेले असतात आणि पोटावर नवे आलेले. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी सुमारे निम्म्यांना हे होतं. डॉक्टरांनी नाव काय ठेवलंय, तर एरिथेमा टॉक्सिकम! नावात विष असलं तरी पुरळात काही नाही. बाळ नीट पितंय, झोपतंय, ताप नाही, तर काही लावायचं नाही. एक-दोन आठवड्यांत खेळ संपतो.

पिवळेपणा: इथे मात्र गाफील राहू नका

निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. जुन्या तांबड्या पेशी मोडून तयार होणारं बिलिरुबिन बाळाचं कोवळं यकृत पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही. बहुतेकदा ते आपोआप उतरतं, पण फार चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि आपल्या बाळांच्या बाबतीत नुसत्या कातडीवरून अंदाज हमखास चुकतो. डोळ्यांचा पांढरा भाग बघा, हिरड्या बघा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुधारलेल्या नियमांनुसार प्रत्येक बाळाचं बिलिरुबिन जन्मानंतर २४ ते ४८ तासांत, किंवा त्याआधी घरी सोडलं तर सोडण्यापूर्वी, मोजायचं असतं. आकडा विचारून घ्या, लिहून ठेवा आणि पुढची तपासणी कधी, तेही विचारा.

"कोवळ्या उन्हात ठेव, उतरेल," हे आपल्याकडच्या सगळ्या आज्या सांगतात. त्यात तथ्य आहे, आणि त्यामागे एक सुरेख गोष्ट आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावर ऊन पडलेला भाग फिका आणि झाकलेला भाग पिवळा राहिलेला दिसला. त्यातूनच डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशाने कावीळ उतरवण्याची पद्धत जगापुढे मांडली. रुग्णालयातला निळा दिवा तो हाच, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा. पण दिव्याचा डोस मोजता येतो, खिडकीतल्या उन्हाचा येत नाही, आणि उघडं बाळ गारठतं किंवा तापतं ते वेगळंच. म्हणून उन्हावर विसंबून तपासणी चुकवू नका. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा बाळ पिवळं आणि सुस्त होऊन पिईनासं झालं, तर तडक रुग्णालय गाठा. दोन-तीन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला, शी पांढुरकी आणि शू गडद होऊ लागली, तर यकृताची तपासणी लगेच व्हायला हवी.

याच संदर्भात एक गोष्ट आम्हाला डॉक्टरीणबाईंकडून कळेपर्यंत माहीत नव्हती. आजीने बॅगेतून घराण्याची गोधडी आणि मोठ्याची झबली काढली. सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि भारतीय घराण्यांतही हे आढळतं. अशा बाळाला नुसत्या त्या वासाच्या कपड्यांनी तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. ट्रंकेतले कपडे चांगले धुऊन, दिवसचे दिवस वाऱ्यावर वाळवून वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नका. उत्तम म्हणजे नव्या बाळाला नवं मऊ दुपटं घ्या आणि घराण्याची गोधडी वर्षभराने काढा.

निळा डाग

आता तो डाग, ज्यापायी ही वही सुरू झाली.

आमची धाकटी जन्मली तेव्हा तिच्या माकडहाडाच्या वर, कमरेखाली, मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा निळसर-करडा डाग होता. शिवाय खांद्यावर एक छोटा. आजी खूष. "अस्साच होता हो हिच्या बापाला!" म्हणाली. आम्हीही त्यावर फार विचार केला नाही. डॉक्टरांच्या कागदांत त्याची नोंद झाली नाही आणि ती झाली नाही हे आमच्या गावीही नव्हतं.

पाचव्या महिन्यात रजा संपली आणि तिला डे-केअरमध्ये ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला: लगेच या. डायपर बदलताना तिथल्या बाईंना मुलीच्या कमरेवर आणि खांद्यावर मुका मार दिसला होता. इथे बाळं सांभाळणाऱ्यांवर कायद्याने जबाबदारी असते. मारहाणीची शंका आली तर त्यांना कळवावंच लागतं. त्यांनी कळवलं होतं. संध्याकाळी बालसंरक्षण खात्याच्या एक बाई घरी आल्या. बोलणं सभ्य, हातात फॉर्म. बाळाला कोण न्हाऊ घालतं? घरात कोण कोण असतं? कोणाला राग लवकर येतो का? आजीला इंग्रजी येत नव्हतं. ती दोनदा उठून चहा विचारून आली. मग "हर्ट" हा शब्द तिला कळला आणि ती जी खुर्चीत बसली ती बाई जाईपर्यंत हलली नाही. मोठ्या मुलाशी एकट्याने बोलायचंय म्हणाल्या. तो तेव्हा सहा वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी धाकटीला तपासलं आणि एका मिनिटात सांगितलं, हा मार नाही, जन्मखूण आहे. पण खात्याला पुरावा हवा होता. जन्माच्या कागदांत काही नाही. शेवटी सापडला तो फोनमधला एक फोटो. चौथ्या दिवशी आजी पायांवर पालथं घेऊन तिला न्हाऊ घालते आहे, आणि कमरेवर तोच डाग, त्याच आकाराचा. मुका मार दिवसागणिक रंग बदलतो, साधारण दोन आठवड्यांत जातो. हा पाच महिने जसाच्या तसा होता. डॉक्टरीणबाईंनी पत्र लिहिलं, आणि काही आठवड्यांनी प्रकरण बंद झाल्याचा कागद आला.

डे-केअरमधल्या बाईंना आम्ही दोष देत नाही. त्यांनी अशी बाळं पाहिलीच नव्हती, आणि खरोखर मार खाणाऱ्या एखाद्या मुलाला अशाच फोनने वाचवलेलं असतं. पण मोठा कितीतरी दिवस बहिणीला उचलून घ्यायचं म्हटलं की हात मागे घ्यायचा. आजीने त्या मुक्कामात पुन्हा तिला न्हाऊ घातलं नाही. "तुमचं तुम्हीच घाला," म्हणायची.

या डागाचं शास्त्र अगदी साधं आहे. गर्भात रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून कातडीच्या वरच्या थरापर्यंत प्रवास करतात. काही वाटेतच, खालच्या थरात राहतात. रंग खोल असल्यामुळे त्यावरून परतणारा प्रकाश विखुरतो आणि काळा-तपकिरी रंग निळा दिसतो. जपानात काम करणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी १८८५ साली याचं वर्णन करून त्याला मंगोलियन स्पॉट म्हटलं. आता ते नाव मागे पडलंय. कागदोपत्री कन्जेनायटल डर्मल मेलॅनोसायटोसिस असं लिहितात. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांत हा डाग अतिशय सामान्य, गोऱ्या बाळांत क्वचित. दुखत नाही, औषध लागत नाही, बहुतेकदा काही वर्षांत फिका होत जातो. मात्र छाती-पोटावर, अंगभर खूप पसरलेले डाग असतील, तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. क्वचित त्याच्याशी चयापचयाचे आजार जोडलेले असतात.

तेव्हा नव्या आईबापांनो, तीन कामं कराच. रुग्णालयातून निघण्यापूर्वी बाळाला पूर्ण उघडं करून डॉक्टरांबरोबर प्रत्येक डाग बघा आणि कुठे, केवढा, ते कागदांत लिहायला सांगा. त्याच आठवड्यात तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि डे-केअरच्या पहिल्याच दिवशी, कोणी विचारण्याआधी, डॉक्टरांच्या नोंदीची प्रत हातात द्या.

पुढचे महिने

आपल्या माणसांना बाळाला थंडी वाजेल याची फार भीती. हीटर चालू, अंगात स्वेटर, डोक्याला टोपडं, वर कुंची. मग मानेवर, काखेत, पाठीवर घामोळं. घामाच्या नळ्यांची तोंडं बंद झाली की ते उठतं. आपल्याला घरात जेवढे कपडे लागतात त्याहून बाळाला फार तर एक थर जास्त. थर कमी केले की एक-दोन दिवसांत घामोळं बसतं.

टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरतात ती क्रेडल कॅप. अस्वच्छतेशी तिचा संबंध नाही, आणि बाळाला तिचा त्रासही नाही. थोडं तेल लावून खपल्या मऊ करा, मऊ ब्रशने हलकेच सोडवा आणि सौम्य शाम्पूने तेल धुऊन टाका. टाळू भरून तेल दिवसभर ठेवलं तर खपल्या उलट जास्त चिकटतात.

डायपरचं पुरळ ओल आणि शी-शू यांच्या घर्षणाने होतं. वरचेवर बदला, कोमट पाण्याने धुवा, थोडा वेळ उघडं ठेवा आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाड थराने लावा. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, जांघेच्या घड्यांतही पसरलं आणि कडेने सुटे ठिपके दिसायला लागले, तर ती बुरशी असते. तिचं औषध वेगळं.

आणि इसब, म्हणजे एक्झिमा. इथल्या थंडीत हीटरने हवा सुकते, आणि गालांवर, डोक्यावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला खरखरीत चट्टे येतात. गोऱ्या बाळात लाल, आपल्यात करडे-जांभळट. म्हणून पुष्कळदा उशिरा ओळखला जातो. बाळ गाल खांद्यावर घासतंय, झोप होत नाही, तर खाज आहे समजा. पाच-दहा मिनिटांची कोमट आंघोळ, अंग टिपून लगेच बिनवासाचं जाड मलम, सुती कपडे. डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड मलम दिलं तर सांगितलं तितके दिवस नीट लावा, घाबरून अर्धवट सोडू नका. चट्टा बरा झाल्यावर तिथे फिका किंवा काळसर डाग राहतो. तो कोड नव्हे. काही महिन्यांत रंग भरून येतो. हे वाक्य भारतात फोन करून दोन्ही आज्यांना जरूर सांगा.

आजीच्या बॅगेत काय काय

मालिश चांगलीच. बाळाला ती आवडते, आजीलाही. खोबरेल तेल बहुतेक बाळांना मानवतं. मोहरीचं तेल कातडीला झोंबतं, आणि ऑलिव्ह तेलाने कातडीचं संरक्षक आवरण कमकुवत होऊ शकतं असं दिसून आलंय. इसब असेल तर दोन्ही टाळा. डाळीच्या पिठाने लव घासून काढू नका. लव आपली आपण झडते; घासल्याने फक्त कातडी सोलवटते. पावडरचा डबा, मग ती टाल्कम असो की वेखंडाची, दूरच बरा. ती श्वासातून छातीत जाते. आजीच्या कढत पाण्यावरही लक्ष ठेवा. हीटरचा काटा १२० फॅरनहाइटच्या वर नको.

काजळाबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. बाजारात मिळणाऱ्या कित्येक काजळ-सुरम्यांत शिसं सापडलंय, आणि इथल्या औषध प्रशासनाने त्यांच्या आयातीला मज्जाव केलेला आहे. बाळ डोळे चोळतं, तीच बोटं तोंडात घालतं, आणि शिसं वाढत्या मेंदूला बाधतं. किती चालतं? सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसं नसेलही, पण काजळीचं बोट डोळ्यात कशाला? आमच्या डोंबिवलीच्या आजीने यावर तोडगा काढला: तीट तळपायाला. "दृष्ट काय, पायाकडूनही उतरते," म्हणाली.

कधी धावायचं

हा भाग कापून फ्रिजवर लावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पुरळ असो वा नसो. पाण्याने भरलेल्या फोडांचे पुंजके. पू भरलेले, पसरणारे फोड किंवा सोलवटणारी कातडी. काचेचा पेला दाबूनही न मिटणारे जांभळे ठिपके; आपल्या बाळांत ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतून बघा. पिणं मंदावलेलं, उठवून न उठणारं बाळ. यांपैकी काहीही दिसलं तर रात्र-दिवस बघू नका.

आणखी एक, इमर्जन्सी नसली तरी उशीर नको असं: पहिल्या काही आठवड्यांत उठून भराभर वाढणारा लाल, मऊ फुगवटा, हिमॅन्जिओमा. बहुतेक काही वर्षांत आपोआप ओसरतात. पण डोळा, नाक, ओठ किंवा लंगोटाच्या जागी असेल तर पहिल्या महिन्यातच दाखवा. २००८ साली फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांना योगायोगाने आढळलं, की हृदयासाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल या गाठी आटवतं. औषध आहे, पण वेळेवर सुरू करायला हवं.

असो. धाकटी आता शाळेत जाते. तिचा डाग तिसऱ्या-चौथ्या वर्षी फिका होत गेला, आता शोधूनही दिसत नाही. तो चौथ्या दिवसाचा फोटो मात्र आम्ही छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय. गेल्या वर्षी आजी आली होती तेव्हा तिने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "बघ, मी किती हलक्या हाताने धरलंय तिला."

मंडळातल्या नव्या आईबापांनी वर लिहिलेली तीन कामं एवढ्या आठवड्यात उरकावीत. बाकी रात्री अकरानंतर फोन केलात तरी चालेल. आम्ही जागेच असतो.